वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना एसटी स्टँड मोजू द्या

महाराष्ट्रात वास्तुकलेची जितकी महाविद्यालयं आहेत तितकी देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. आणि ती काही फक्त मुंबई-पुण्यात एकवटलेली नाहीत. नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी ती राज्यभर पसरली आहेत. पाच वर्षांच्या पदवीत जवळजवळ प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याला एक मोठा डिझाइन प्रकल्प करावा लागतो आणि त्याआधी त्याच प्रकारच्या दोन-चार इमारतींचा अभ्यास. म्हणजे दर वर्षी हजारो मुलंमुली रात्री जागवून इमारतींचा विचार करत असतात. एवढी बुद्धी आणि एवढी मेहनत एकाच विषयावर लागते. तरी तालुक्याच्या गावचं एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालय, तहसील कचेरी, जिल्हा परिषदेची शाळा यांच्या वाट्याला त्यातलं काहीही येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वास्तुकलेच्या शिक्षणात इमारतींचा जो अभ्यास होतो, त्याचा मोठा भाग आपल्या जिल्ह्यातल्या, रोज वापरात असलेल्या सार्वजनिक इमारतींवर खर्च झाला पाहिजे. त्यातून जे नकाशे आणि नोंदी तयार होतील त्या सर्वांना पाहायला मिळाल्या पाहिजेत. आणि सरकारने त्यासाठी आपली दारं उघडली पाहिजेत. मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे, अधूनमधून महाविद्यालयांत शिकवतो, ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांत, बसतो. तिथे जे दिसतं त्यातून हे मत पक्कं झालं आहे.

ज्यांचा या शिक्षणाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टुडिओ म्हणजे या अभ्यासक्रमाचा कणा. सत्राच्या सुरुवातीला शिक्षक एक ‘ब्रीफ’ देतात: अमुक इमारत, अमुक जागा, एवढं क्षेत्रफळ. मग केस स्टडी, मग कन्सेप्ट, मग नकाशे, मॉडेल आणि शेवटी ज्युरी. ब्रीफ बहुतेकदा कशाचं असतं? समकालीन कलेचं संग्रहालय, इको रिसॉर्ट, ध्यानकेंद्र, कन्व्हेन्शन सेंटर, विमानतळ. जागा तलावाकाठची किंवा टेकडीवरची. शेजारी कोण राहतं, पाणी कुठून येतं, इमारतीचा खर्च कोण करणार आणि दहा वर्षांनी गळती लागली की शिडी घेऊन वर कोण चढणार, हे प्रश्न कागदावर येतच नाहीत.

केस स्टडीचेही दोन प्रकार रूढ झाले आहेत, ‘लाइव्ह’ आणि ‘नेट’. नेट म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली परदेशातली एखादी नावाजलेली इमारत. लाइव्ह म्हणजे अर्धा दिवस जाऊन, फोटो काढून, वॉचमनला दोन प्रश्न विचारून परत येणं. मग शीटवर नकाशा, त्यावर लाल बाणांनी दाखवलेली वर्दळ, आणि उजव्या कोपऱ्यात ‘इन्फरन्स’, म्हणजे निष्कर्ष, नावाचा रकाना. त्या रकान्यात काय लिहिलेलं असतं ते कुठल्याही ज्युरीला पाठ असतं: प्रकाश भरपूर आहे, वायुवीजन चांगलं आहे, पार्किंग अपुरं आहे. ज्या इमारतीत दिवसातून पाचशे माणसं येतात-जातात, तिच्याबद्दल यापलीकडे काही कळलेलं नसतं.

मोजण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असं नाही. इंग्रज वास्तुविशारद क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. देशातल्या जुन्या इमारती विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जाऊन, टेप लावून, मोजून काढल्या पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या रेखाटनांचा संग्रह त्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्धही केला. पाश्चात्त्य खांब-कमानी गिरवून वास्तुविशारद होण्याच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पुढे नामवंत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी १९६२ मध्ये अहमदाबादला वास्तुकलेची शाळा काढली. दोशी मूळचे पुण्याचे आणि काही काळ जे.जे.चेच विद्यार्थी. त्यांच्या शाळेतही गावोगाव जाऊन, तिथे राहून, घरं आणि गल्ल्या मोजण्याला अभ्यासक्रमात मानाचं स्थान मिळालं. आजही देशभरातले विद्यार्थी लुई कान ट्रॉफी या विद्यार्थी स्पर्धेसाठी जुन्या वास्तूंचं दस्तऐवजीकरण करतात. त्यातली काही शीट्स मी पाहिली आहेत. तुळयांचे सांधे, कडीपाटाचं छत, चौकातल्या पन्हळीची वळणं इतक्या निगुतीने काढलेली असतात की त्या मुलांचे हात धरून शाबासकी द्यावीशी वाटते.

पण स्पर्धा संपते, शीट्स गुंडाळून कपाटावर जातात. वाई, नाशिक, पुणे, सातारा इथले वाडे गेल्या चाळीस वर्षांत भराभर पडले. त्यातल्या कित्येकांचा मोजून काढलेला एकमेव नकाशा आज कुठल्या तरी महाविद्यालयाच्या कोठीत किंवा पास होऊन गेलेल्या मुलाच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये पडून असणार. वाडा पाडला तेव्हा मालकाला, नगरपालिकेला, इतिहासाच्या अभ्यासकाला तो नकाशा असल्याचंही ठाऊक नव्हतं. श्रम झाले, ज्ञान तयार झालं आणि ते कुणाच्याच हाती लागलं नाही.

शिवाय या परंपरेत एक पंक्तिभेद आहे. मोजायचं ते देऊळ, वाडा, किल्ला, घाट. साधी इमारत मोजण्याच्या लायकीची नाही, असं कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळे तसंच वागतात. खरं तर मराठी माणसाचं आयुष्य ज्या इमारतींत जातं त्या साध्याच आहेत. शाळा, दवाखाना, स्टँड, बाजार समिती, कचेरी.

साध्या गोष्टी मोजून किती मोठं काम उभं राहू शकतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे इंदूरची अरण्य वसाहत. दोशींनी १९८० च्या दशकात तिची रचना केली. सुमारे साडेसहा हजार भूखंड, आणि सर्वांत गरीब कुटुंबांसाठी ३५ चौरस मीटरचा तुकडा. त्यावर जोतं आणि पाण्या-संडासाची सोय तयार मिळायची, पुढचं घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. पण त्याआधी एक अभ्यास झाला होता. दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने मिळून इंदूरच्या झोपडवस्त्या मोजल्या. घरापुढचा ओटा किती रुंद, गल्लीत झाड कुठे येतं, त्या झाडाखाली दुपारी कोण बसतं, हातगाडी रात्री कुठे उभी राहते, घराच्या कुठल्या कोपऱ्यात शिवणयंत्र असतं. ज्यांना आपण अव्यवस्था म्हणतो तिथे माणसांनी इंचाइंचाचा हिशेब लावलेला आहे हे त्या नकाशांतून दिसलं. अरण्यच्या गल्ल्या, ओटे, छोटे चौक हे त्या मोजणीतून आले. १९९५ मध्ये या वसाहतीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. हे यश प्रतिभेचं आहेच, पण ती प्रतिभा आधी वस्तीत जाऊन टेप धरून बसली होती.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दर पावसाळ्याआधी माती घालत घालत फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही जाड झालेलं. त्यातही एक गोष्ट पाहणाऱ्यांच्या लक्षात आली. जिथे माळवदाचं ओझं लाकडी खणांवर होतं आणि खांब-तुळयांचे सांधे शाबूत होते, तिथे काही घरांत भिंती बाहेर कोसळल्या पण छप्पर उभं राहिलं. म्हणजे त्या घरातच मारणारी गोष्ट होती आणि वाचवणारीही. लोकांच्या मनात मात्र एवढंच उरलं की दगड वाईट आणि सिमेंट चांगलं.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. सरळ रुंद रस्ते, एकासारखी एक रांग. संकट इतकं मोठं होतं की त्या काळात राबलेल्या माणसांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. पण नव्या गावात अंगण कुठे, गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बाईने रस्त्यावरून थेट दिसणार नाही असं कुठे बसायचं, याला जागा नव्हती. वर्षभरात पत्र्याचे आडोसे आणि कुंपणाच्या भिंती उभ्या राहू लागल्या. मराठवाड्यातल्या घरांचे मोजलेले नकाशे आणि त्यांच्या वापराच्या नोंदी आधीपासून एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी तयार असत्या, तर आखणी करणाऱ्यांच्या समोर निदान एक कागद असता. असा कागद संकटाच्या दुसऱ्या दिवशी तयार होत नाही. तो शांततेच्या काळात, वर्षानुवर्षं, विद्यार्थ्यांकडूनच तयार होऊ शकतो.

आता एसटी स्टँडकडे येतो, कारण मला वाटतं की सार्वजनिक इमारत म्हणजे काय हे शिकायला इतकी चांगली जागा दुसरी नाही. एसटी १ जून १९४८ पासून धावते आहे. सुमारे अडीचशे आगारं, आणि स्टँड त्याहून कितीतरी जास्त. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. या दोन निर्णयांनी स्टँडवर कोण उभं असतं हेच बदलून गेलं. बाया वाढल्या, म्हातारी माणसं वाढली. इमारत तीच राहिली. बसण्याचे बाक तेच, स्वच्छतागृह तिथेच, पायऱ्या तितक्याच.

एका मुलीने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी स्वतःच्या तालुक्याचं स्टँड घेतलं होतं. मी त्या ज्युरीला होतो. तिने पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत तिथे बसून काम केलं होतं, आणि तिचं सर्वांत महत्त्वाचं शीट दिसायला अगदी साधं होतं: एकच नकाशा चार वेळा काढलेला, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. सकाळी ठिपके बाकांवर. दुपारी बाक रिकामे, कारण फलाट पश्चिमेकडे तोंड करून होते आणि उन्हाळ्यात दोननंतर ऊन छताखालून थेट आत येत होतं. सगळे ठिपके मागे, कँटीनच्या भिंतीला लागून. तिथून गाडी दिसत नाही आणि भोंग्यावरचं नीट ऐकू येत नाही. त्यामुळे गाडी लागली की सगळे एकदम धावतात, आणि जे धावू शकत नाहीत ते उभे राहून प्रवास करतात. संध्याकाळच्या नकाशात एका कोपऱ्यात ठिपक्यांचा दाट पुंजका होता. पासवाल्या शाळकरी मुली. चौकशीच्या खिडकीतला उजेड जिथवर पोचतो तेवढ्याच जागेत त्या सगळ्या उभ्या होत्या.

तिने आणखी एक गोष्ट मोजली होती. आपल्याकडे बस फलाटाला नाक लावून उभी राहते, दार डाव्या अंगाला. म्हणजे प्रवाशाने फलाटावरून खाली उतरायचं, दोन बसच्या मधल्या बोळातून जायचं आणि जमिनीवरून बसच्या पहिल्या पायरीवर पाय टाकायचा. ती पायरी गुडघ्याच्या जवळपास येते. शेजारची बस त्याच वेळी मागे घेतली जात असते. सत्तरीच्या आजीने हातात पिशवी घेऊन हे कसं करायचं? त्या मुलीने दोन बसच्या मधे, दाराच्या बाजूने, बोटासारखा निमुळता उंच ओटा सुचवला होता. फलाटावरून त्यावर चालत जायचं आणि जवळजवळ समपातळीतून आत शिरायचं. बस मागे घेताना वळायला किती जागा लागते ते तिने चालकांना विचारून, प्रत्यक्ष मोजून नकाशात दाखवलं होतं. महिलांचं स्वच्छतागृह मागच्या अंधारातून उचलून चौकशी आणि फलाट यांच्या मधे आणलं होतं, हिरकणी कक्ष त्याला लागून. छताची कड खाली आणून उभ्या पट्ट्यांनी ऊन अडवलं होतं. नवी इमारत जवळजवळ नव्हतीच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “यात डिझाइन कुठे आहे?” तिला उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले. त्याच दिवशी कमळाच्या आकाराच्या सांस्कृतिक केंद्राला वर्गातले सर्वाधिक गुण मिळाले. मी तेव्हाही वाद घातला आणि आजही घालतो. डिझाइन त्या ठिपक्यांत होतं, त्या ओट्यात होतं. माणसाचं शरीर, ऊन, भीती आणि बसच्या वळणाची त्रिज्या या चार गोष्टी एका रेषेत बसवणं याहून मोठं डिझाइन मला माहीत नाही.

अशा अभ्यासाची भूक किती आहे ते थोडं आजूबाजूला पाहिलं तरी कळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची मुलं बस्करपट्टीवर, जमिनीवर बसतात. खिडकीची तळकड मात्र तीन फुटांवर. मुलाचे डोळे दोन फुटांवर. वारा त्याच्या डोक्यावरून जातो आणि बाहेरचं झाड त्याला दिसत नाही. ‘बाला’ उपक्रमात शाळेची इमारतच शिकण्याचं साधन करायची सुंदर कल्पना होती. दाराच्या कोनातून कोन शिकायचा, पायरीतून मोजणं. बहुतेक ठिकाणी ती भिंतीवरच्या रंगकामावर येऊन थांबली, कारण खिडकीच्या उंचीचा प्रश्न रंगाऱ्याच्या हातातला नाही.

रॅम्पचं तेच. उंचीच्या बारा पट लांबी, हा नियम विद्यार्थी सुरुवातीच्या वर्षांतच शिकतात. दोन फुटी जोत्याला चोवीस फुटांचा रॅम्प लागतो. शासकीय कार्यालयांबाहेर जाऊन पाहा, सहा-सात फुटांत उरकलेली, गुळगुळीत फरशीची घसरगुंडी दिसेल. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा. कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते आणि चाकाची खुर्ची खालीच राहते. एका जिल्ह्यातल्या सगळ्या शासकीय इमारतींचे रॅम्प मोजायला दुसऱ्या वर्षाच्या एका वर्गाला एक सत्र पुरेल. आणि घरकुलं? केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान ठरलं. राज्यात लाखो घरकुलं झाली. पाच वर्षांनी त्यात चूल कुठे गेली, मुलगा लग्न झाल्यावर कुठे झोपतो, पत्रा कुठल्या बाजूला वाढवला, हे गावोगाव मोजून पाहणारं कुणी नाही.

मुंबईत तर काळ हातातून निसटतो आहे. ब्रिटिशकालीन सरकारी बीडीडी चाळींच्या २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि त्यांच्यापुढचा तो सामाईक कॉरिडॉर. चाळींवर अभ्यास पुष्कळ झाले, काही फार चांगले झाले. २०२५ मध्ये वरळीत पहिल्या रहिवाशांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हक्काचं मोठं घर मिळालं याचा आनंद खराच आहे. पण खरा अभ्यास आता सुरू व्हायला हवा. कॉरिडॉर गेल्यावर म्हाताऱ्यांचं दिवसभराचं बसणं कुठे गेलं, लिफ्ट बंद पडली की काय होतं, महिन्याचा देखभाल खर्च कुणाला पेलतो. इतर चाळींच्या पुनर्विकासाचे नकाशे मंजूर होण्याआधी हे कळायला हवं.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातला एक मला खरोखर गंभीर वाटतो. सरकारला आणि नगरपालिकांना फुकट मजूर हवेच असतात. विद्यार्थ्यांकडून नकाशे करून घेतले की वास्तुविशारदाची फी वाचली, असा विचार करणारे अधिकारी आहेत आणि त्यांना साथ देणाऱ्या संस्थाही निघतील. हे होता कामा नये. विद्यार्थ्याने मोजावं, पाहावं, प्रश्न विचारावेत, पर्याय सुचवावेत. निविदेचे नकाशे काढू नयेत. बांधकामाची जबाबदारी नोंदणीकृत, फी घेणाऱ्या व्यावसायिकाचीच असली पाहिजे. १९७२ चा वास्तुविशारद कायदा ही नोंदणी सांगतो. आणि अभ्यास प्रसिद्ध होईल तेव्हा विद्यार्थ्याचं नाव त्यावर असलंच पाहिजे.

कल्पनाशक्तीचा आक्षेप मला पटत नाही. म्हणतात, पाच वर्षंच तर मोकळेपणाने स्वप्न पाहायला मिळतात, तेव्हा तरी मुलांना तहसील कचेरीत अडकवू नका. मोकळेपणा हवाच. एखादा प्रकल्प निव्वळ कल्पनेचा असावा, मी त्याच्या बाजूने आहे. पण सगळेच्या सगळे प्रकल्प तसे असतील तर मुलं स्वप्न पाहायला शिकत नाहीत, दुसऱ्यांच्या पाहिलेल्या चित्रांची नक्कल करायला शिकतात. त्या तलावाकाठच्या संग्रहालयांची रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेली चित्रं, एकमेकांसारखी का दिसतात, याचा विचार करून पाहा. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाने १९९३ पासून ‘रुरल स्टुडिओ’ चालवला आहे. तिथले विद्यार्थी एका गरीब ग्रामीण भागात राहून तिथल्याच लोकांसाठी घरं आणि सार्वजनिक वास्तू रचतात, बांधतातही. त्या कामाची कल्पकता जगभर वाखाणली गेली.

नोकरीचं काय, असं पालक विचारतात. मुंबईच्या मोठ्या कार्यालयात एसटी स्टँडचा पोर्टफोलिओ घेऊन गेलं तर कोण विचारणार? मी स्वतः माणसं निवडतो म्हणून सांगतो, की जिने एक इमारत नीट मोजली आहे, जिला जोत्यापासून छतापर्यंतचा छेद न अडखळता काढता येतो, ती मला हवी असते. रेंडर आता यंत्रही करून देतं. जागेवर जाऊन काय चुकतंय ते ओळखणारा डोळा अजून माणसाकडेच आहे.

अडचण खरी आहे ती प्रवेशाची. सार्वजनिक इमारत मोजायला गेलेल्या मुलांना पहिल्यांदा विचारलं जातं, परवानगी कुणाची? मग महाविद्यालयाचं पत्र, मग वरिष्ठांचं पत्र, मग ‘पुढच्या आठवड्यात या’. सत्र सोळा-अठरा आठवड्यांचं, त्यातले चार इथेच जातात. मॉलमध्ये किंवा रिसॉर्टवर ओळखीने आत जाता येतं, म्हणूनही मुलं तिकडे वळतात. यावर उपाय शासन निर्णयाचा आहे. २०१६ मध्ये राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, त्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागातल्या पाणीपुरवठ्यासारख्या प्रश्नांचा अभ्यास करावा अशी व्यवस्था केली. वास्तुकलेसाठी त्याच धर्तीवर एक निर्णय काढावा: सुरक्षेच्या कारणाने वगळलेल्या जागा सोडून प्रत्येक शासकीय, जिल्हा परिषद आणि एसटीची इमारत महाविद्यालयाच्या पत्रावर मोजू द्यावी, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने मूळ नकाशे व दुरुस्तीच्या नोंदी दाखवाव्यात. दुरुस्तीच्या नोंदी मला नकाशांपेक्षाही महत्त्वाच्या वाटतात. कुठल्या भिंतीला दर दोन वर्षांनी ओल येते हे कळलं की पुढच्या इमारतीचा अर्धा धडा तिथेच मिळतो.

महाविद्यालयांना कुणाची वाट पाहण्याची गरज नाही. वास्तुकला परिषदेच्या २०२० च्या नियमांत ऐच्छिक विषयांना पुरेशी जागा आहे. तिसऱ्या वर्षाचा एक स्टुडिओ जिल्ह्यातल्या एकाच प्रकारच्या इमारतींना वाहिलेला असू शकतो. यंदा ग्रामीण रुग्णालयं, पुढच्या वर्षी आठवडी बाजार. पाच वर्षांत एका जिल्ह्याचा मोठा भाग कागदावर येईल. तो कागद कोठीत न ठेवता संकेतस्थळावर टाकावा, आणि एक प्रत जिल्हा ग्रंथालयात, एक त्या त्या इमारतीत द्यावी. मुख्याध्यापिकेच्या हातात स्वतःच्या शाळेचा मोजलेला नकाशा असला तर नव्या खोलीचा प्रस्ताव करताना ती तो टेबलावर ठेवू शकते. चंदीगड-अहमदाबादच्या अभ्याससहली बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या मुलांना खूप काही देतात. पाचांपैकी एक सहल मात्र आपल्या जिल्ह्यात निघावी, मुक्कामाची, आठ-दहा दिवसांची. खर्चही कितीतरी कमी येईल. वर्गातली निम्मी मुलं त्याच तालुक्यांतून आलेली असतात. त्यांचीच घरं, त्यांच्याच ओळखी. आजवर शहरात येऊन ज्या गावाचं नाव सांगायला ती बिचकत होती, त्या गावच्या स्टँडवर ती सगळ्या वर्गाला वाट दाखवतील.

आणि ज्युरीची रचना बदलावी. बाहेरचा परीक्षक वास्तुविशारद असावाच, पण त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची हवी. रुग्णालयाचा प्रकल्प असेल तर रात्रपाळी केलेली परिचारिका, शाळेचा असेल तर शिक्षिका, स्टँडचा असेल तर आगार व्यवस्थापक किंवा वाहक. गुण देण्याचा अधिकार विद्यापीठाच्या नियमात बसत नसेल तर नको. प्रश्न विचारण्याचा अधिकार पुरेसा आहे. प्रसूतिकक्षापासून रक्त तपासणीची खोली किती पावलांवर आहे, हा प्रश्न परिचारिकेने विचारला की त्या नकाशात नेमकं काय तपासायचं हे बाकीच्या परीक्षकांनाही कळेल.